भुज, कोटि आणि कर्ण : लीलावतीच्या एका भिजलेल्या पोथींतील अंकांचा शोध

१. पोथीचा वृत्तांत

मुंबईंत दादर आणि परळ या दोन वस्त्यांच्या सीमेवर हिंदमाता म्हणून जो भाग आहे, त्याचें नांव एका चित्रपटगृहावरून पडलें; तथापि मुंबईकरांच्या तोंडीं तें नांव बहुधा पावसाळ्यांत येतें. भोंवतालची जमीन उंच व हा चौक बशीच्या तळासारखा सखल. पाऊस एकसारखा लागला आणि त्याच वेळीं समुद्रास भरती असली, कीं येथें पाणी तुंबतें. तें पंपानें ओढून सांठविण्यासाठीं महानगरपालिकेनें अलीकडे जवळपास भूमिगत टाक्या बांधिल्या आहेत. परंतु २६ जुलै २००५ रोजीं, ज्या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशीं असा कोणताच उपाय हाताशीं नव्हता.

त्या दिवशीं येथील एका जुन्या चाळींत, तळमजल्यावरील एका खोलींत, पलंगाखालीं ठेवलेला पोथ्यांचा बस्ता भिजला. घराणें मूळचें पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील. आजोबा गिरणींत कारकून म्हणून मुंबईस आले तेव्हां बस्ताही त्यांच्याबरोबर आला. भिजलेलीं पानें घरच्या मंडळींनीं दोरीवर वाळविलीं, पुन्हां फडक्यांत बांधिलीं, आणि पुढें कित्येक वर्षें ती गांठ कोणीं सोडली नाहीं. चाळ पुनर्बांधणीसाठीं रिकामी करावयाची ठरली तेव्हां घरांतील वडील गृहस्थ बस्ता घेऊन आमच्याकडे आले. "मुलें म्हणतात, आंकडे सगळे धुऊन गेले, आतां ही रद्दीच. रद्दींत घालवत नाहीं. पाण्यानें नेलें तें पाण्यालाच देऊन टाकावें काय, हें आपणच सांगा," असें ते म्हणाले.

पानें पाहतां तीं भास्कराचार्यांच्या लीलावतींतील क्षेत्रव्यवहाराचीं आहेत हें पहिल्या कांहीं ओळींतच कळून आलें. देशी कागद, बोरूचें ठसठशीत अक्षर. मजकूर काजळाच्या शाईचा, शीर्षकें तांबडीं. काजळाची शाई डिंकावर धरलेली असते आणि डिंक पाण्यांत विरघळतो. म्हणून पानाच्या मध्यभागीं मजकूर बराचसा टिकला असला, तरी कांठाकडील न्यास, आकृत्या आणि त्यांतील अंक फिकट झाले किंवा अजीबात गेले. शब्द राहिले आणि संख्या गेल्या, अशी ही स्थिति.

लीलावती अनेक वेळां छापली गेली आहे. तेव्हां मूळ ग्रंथाचे अंक गेले म्हणून विशेष हानि झाली असें कोणी म्हणणार नाहीं. पण या पोथीच्या समासांत मोडींत कांहीं हिशेब केलेले आढळले. ते शिडीचे, वाशाचे, अंगणाचे आहेत. कोणा पंतोजीनें किंवा जोशानें पोथी शिकतां शिकतां आपल्या गांवच्या वस्तूंवर तो नियम लावून पाहिला आहे. हे हिशेब कोणत्याही छापील पुस्तकांत नाहींत. त्यांचे पुसलेले अंक परत मिळाले तर पोथीस मोल आहे, न मिळाले तर ती शंभरांतली एक. ते अंक कसे मिळविले, कोठें मिळाले नाहींत, आणि एके ठिकाणीं आम्हीं स्वतः कसे फसलों, हें संग्राहकांच्या उपयोगी पडेल असें वाटून येथें मांडीत आहों.

२. नियम व त्याची परंपरा

काटकोन त्रिकोणाच्या दोन लहान बाजूंपैकीं आडवीस भुज, उभीस कोटि आणि तिरप्या मोठ्या बाजूस कर्ण म्हणतात. भुजाचा वर्ग आणि कोटीचा वर्ग यांची बेरीज कर्णाच्या वर्गाइतकी असते. शाळेंत हा सिद्धांत पायथागोरसाच्या नांवें शिकविला जातो. आपल्याकडे तो शुल्बसूत्रांत स्वच्छ सांगितला आहे. शुल्ब म्हणजे दोरी. लांबट चौकोनाच्या कर्णावर ताणलेली दोरी जें क्षेत्र करते, तें लांबी आणि रुंदी यांवरील दोरींनीं निरनिराळें केलेल्या दोन क्षेत्रांइतकें असतें, असा बौधायनाचा आशय आहे. सोमयागाच्या महावेदीची पूर्व-पश्चिम लांबी ३६, पश्चिमेची बाजू ३० आणि पूर्वेची २४ प्रक्रम. तिचे कोन काढण्यासाठीं आपस्तंबानें १५, ३६, ३९ या मापांची दोरी सांगितली आहे. पंधराचा वर्ग २२५ आणि छत्तिसाचा १२९६. बेरीज १५२१, आणि हाच एकोणचाळिसाचा वर्ग. यावरून हें ज्ञान प्रथम दोरी आणि खुंटी यांचें होतें, पाटीचें मागाहून झालें, हें ध्यानांत येईल.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधील. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, म्हणजे शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें, त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि रचला. लीलावती हा त्याचाच पाटीगणिताचा भाग. चाळीसगांवाजवळील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखावरून त्यांचा वंश आपणांस ठाऊक आहे. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर, लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव. हे चांगदेव यादव सिंघणाचे ज्योतिषी होते आणि त्यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. निकुंभ वंशांतील सोइदेव व हेमाडिदेव यांनीं त्यास देणग्या दिल्या. हा लेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणून १८६५ मध्यें त्याची चर्चा केली. त्यांचा हस्तलिखितसंग्रह मुंबईच्या एशियाटिक सोसायटींत आहे, व हिंदमात्याच्या दक्षिणेस भायखळ्याचें वस्तुसंग्रहालय आज त्यांच्या नांवानें ओळखलें जातें.

लीलावतीचें पहिलें छापील इंग्रजी भाषांतरही मुंबईचेंच. कंपनीच्या वैद्यकीय खात्यांतील जॉन टेलर यांचें तें पुस्तक १८१६ मध्यें येथें छापलें गेलें. कोलब्रुकचें प्रसिद्ध भाषांतर त्यानंतर एका वर्षानें, १८१७ मध्यें, लंडनला निघालें. त्याच्याही आधीं, १५८७ मध्यें, अकबराच्या आज्ञेवरून फैजीनें लीलावती फारशींत नेली होती. कोंकणापुरतें बोलावयाचें तर मुरुडजवळील नांदगांवचे गणेश दैवज्ञ, ज्यांचें ग्रहलाघव (शके १४४२) महाराष्ट्रांतील जोशीमंडळींच्या नित्य वापरांत होतें, त्यांनीं शके १४६७ मध्यें लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. नियम नुसता सांगून न थांबतां त्याची उपपत्ति देणें हा तिचा विशेष. पुण्याच्या आनंदाश्रमानें १९३७ मध्यें ती मूळासह छापली. आमच्या पोथीचें घराणें त्याच किनाऱ्याकडील असल्यामुळें हा संबंध येथें सांगितला. त्यावरून अधिक कांहीं अनुमान काढावयाचें नाहीं.

३. उपपत्ति

नियमावर विसंबून पुसलेला अंक लिहावयाचा, तर तो नियम खरा कां, हें आधीं पाहिलें पाहिजे. भास्कराचार्यांनीं बीजगणितांत भुज १५ व कोटि २० घेऊन ही उपपत्ति दिली आहे. असे चार सारखे त्रिकोण कागदाचे कापावे व त्यांचे कर्ण बाहेरच्या बाजूस येतील असे चौकोनाकार मांडावे. बाहेरची प्रत्येक बाजू कर्णाइतकी होते आणि मध्यें एक लहान चौरस रिकामा राहतो. त्या चौरसाची बाजू म्हणजे कोटि व भुज यांचें अंतर, २० उणे १५, म्हणजे ५. प्रत्येक त्रिकोणाचें क्षेत्र १५०, चारांचें ६००, मधल्या चौरसाचें २५, एकूण ६२५. हें कर्णावरील चौरसाचें क्षेत्र झालें, म्हणून कर्ण २५. इकडे १५ चा वर्ग २२५ आणि २० चा ४०० यांची बेरीजही ६२५ च. ज्यास अक्षरगणिताचा कंटाळा असेल त्यानें कात्री घेऊन हें एकदां करून पाहावें. पुन्हां शंका राहणार नाहीं.

४. मूळ ग्रंथाचीं उदाहरणें

प्रथम वेळूचें उदाहरण घेऊं. सपाट जमिनीवरील ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्यानें मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर भुईस टेंकला. तर तो बुंध्यापासून किती हातांवर मोडला? उभा राहिलेला भाग ही कोटि, पडलेला भाग हा कर्ण, आणि १६ हात हा भुज. कर्ण आणि कोटि यांची बेरीज ३२ हें ठाऊकच आहे. आतां कर्णाच्या वर्गांतून कोटीचा वर्ग वजा केला असतां भुजाचा वर्ग राहतो. आणि दोन वर्गांचें अंतर म्हणजे त्या संख्यांची बेरीज गुणिलें त्यांचें अंतर. म्हणून भुजाचा वर्ग २५६ यास ३२ नें भागलें कीं ८ हें अंतर मिळतें. बेरीज ३२, अंतर ८. तेव्हां एक संख्या २० व दुसरी १२. वेळू बारा हातांवर मोडला.

आमच्या पोथींत या न्यासांतील उत्तराचे अंक गेले आहेत, पण वेळूच्या उंचीच्या जागीं हरताळाचा पिंवळा पट्टा शाबूत आहे. त्यावर ३२ आणि त्याखालीं, उजेडासमोर पान धरलें असतां, २३ दिसतात. कारण उघड आहे. श्लोकांत ही संख्या द्वि आणि त्रि या शब्दांनीं सांगितली आहे, आणि अशा शब्दांचे अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे असतात. लेखकानें ते सरळ मांडून २३ केले. २३ घेऊन हिशेब केला तर वेळू ५ पूर्णांक ४३ छेद ४६ हातांवर मोडल्याचें निघतें. असलें उत्तर शिकणाऱ्याच्या उदाहरणांत कोणी योजणार नाहीं. ज्यानें हरताळ लाविला त्यानें श्लोक नुसता उतरून घेतला नाहीं, हिशेबही करून पाहिला. पोथीचा एक पूर्वीचा धनी अशा रीतीनें एका पिंवळ्या पट्ट्यावरून आपल्या ओळखीचा होतो.

दुसरें उदाहरण कमळाचें. ज्या पाण्यानें हीं पानें धुतलीं, त्या पाण्याची खोली काढण्याची रीत याच पानावर असावी हा योग विलक्षण खरा. तळ्यांत कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात दिसत होती. वाऱ्यानें ती कललीं आणि दोन हात अंतरावर पाण्यांत बुडाली. तर पाणी किती खोल? येथें देंठाचा बुडखा तळाशीं स्थिर आहे. उभा असतां देंठ म्हणजे पाण्याची खोली अधिक अर्धा हात. कलला असतां तोच देंठ कर्ण होतो, खोली ही कोटि, आणि दोन हात हा भुज. कर्ण व कोटि यांचें अंतर अर्धा हात. भुजाचा वर्ग ४. त्यास अर्ध्यानें भागतां बेरीज ८. म्हणून देंठ सव्वाचार हात आणि पाणी पावणेचार हात. पोथींत पूर्ण अंक नाहींसे झाले आहेत, परंतु आपल्या जुन्या पद्धतीप्रमाणें पाव, अर्धा, पाऊण दाखविणाऱ्या उभ्या रेघा बोरूच्या दाबामुळें कागदांत उतरलेल्या आहेत. एके ठिकाणीं एक रेघ, दुसरीकडे तीन. ४। आणि ३॥। हींच तीं उत्तरें, याविषयीं मग संशय राहत नाहीं.

मोर आणि साप यांचें उदाहरण वेळूच्याच जातीचें आहे. ९ हात खांबावर मोर, खांबाच्या तळाशीं सापाचें बीळ, आणि साप बिळापासून २७ हातांवर. साप बिळाकडे निघाला, मोरानें तिरपी झेंप घेतली, आणि दोघांनीं सारखें अंतर कापलें. तर भेट बिळापासून किती हातांवर? नवाचा वर्ग ८१. त्यास २७ नें भागून ३. २७ उणे ३ चें निम्मे १२. ताळा पाहावा: ९ आणि १२ यांचा कर्ण १५, आणि सापानें कापलेलें अंतर २७ उणे १२ म्हणजे १५ च. पोथींत मधला बारा गेला आहे आणि दोन्ही टोंकांचे पंधरा राहिले आहेत. दोन वानरांच्या उदाहरणांतही तसेंच: झाड १०० हात, विहीर २०० हातांवर, एक वानर उतरून चालत गेला, दुसरा वर ५० हात उडून तिरपा गेला, दोघांचें अंतर ३०० हात. येथें उड्डाणाचा अंक पुसला असून कर्णाचा २५० टिकला आहे. भुज २०० व कर्ण २५० यांवरून कोटि १५० येते, आणि तींतून झाडाचे १०० वजा जातां ५० मिळतात.

५. समासांतील हिशेब

आतां जेथें छापील पुस्तकाचा आधार नाहीं त्या समासांकडे वळूं. पहिला हिशेब शिडीचा. शिडी १७ हात, तिचा पाय भिंतीपासून ८ हात, आणि भिंत एकावर कांहीं. एकाच्या पुढील अंकाचा फक्त खालचा वांक उरला आहे. डोळ्यांनीं तो २, ३ किंवा ५ कोणीही वाचील. २८९ मधून ६४ गेले, २२५ राहिले, मूळ १५. येथें डोळ्याचा वाद कर्णानें मिटविला.

दुसरा हिशेब सुताराचा. आढें भिंतीच्या माथ्यापासून किती उंच ध्यावयाचें तो अंक गेला आहे, मागें फक्त दोन रेघा आहेत, घराची निम्मी रुंदी ६, वासा ७॥. साडेसाताचा वर्ग सव्वाछप्पन्न, सहाचा छत्तीस, अंतर सव्वावीस, त्याचें मूळ साडेचार. म्हणजे पुसलेली संख्या ४॥. ही तीन, चार, पांच यांचीच दीडपट आहे हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. कोंकणांतल्या पावसांत छपरास उतार हवा, आणि वासा तोडण्यापूर्वीं त्याची लांबी समजली पाहिजे; एकदां आंखूड कापलेला वासा पुन्हां वाढत नाहीं. भास्कराचार्यांचें सूत्र गांवांत कोणत्या वाटेनें पोंचलें, याचा असा पुरावा आमच्या पाहण्यांत फारसा आलेला नाहीं.

तिसरा हिशेब अंगणाचा. बाजू १२ व ९, आणि दोन्हीं कोपऱ्यांकडून मोजलेला कर्ण १५, असें दोनदां लिहिलें आहे; त्यांतील एक १५ पुसट आहे. एकच माप दोनदां कां, तर समोरासमोरच्या बाजू सारख्या असूनही चौकोन कललेला असूं शकतो. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच कोन काटकोन ठरतात. हिंदमात्याच्या आसपास आज जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत. तेथें पायाची आंखणी चालली असतां आम्हीं मुद्दाम थांबून पाहिलें. गवंड्याजवळ गुण्या असतो, पण लांब भिंतीस तो पुरत नाहीं. गुण्यांतील गव्हाएवढी चूक भिंतीच्या शेवटास वीतभर होते. म्हणून गवंडी खुंट्या ठोकून सुतळीवर एकीकडे तीन, दुसरीकडे चार मापें घेतो आणि तिरपें माप पांच भरेपर्यंत सुतळी सरकवितो. मग ओळंबा, मग वीट. यज्ञवेदीची दोरी आणि ही सुतळी यांत धाग्यापलीकडे भेद नाहीं.

६. आमची चूक

येथवर सर्व सुरळीत झालें. म्हणूनच पुढील गोष्ट सांगणें अवश्य आहे. एका समासांत कर्ण ८५ हा अंक स्पष्ट होता. भुज आणि कोटि दोन्ही गेले होते. लीलावतींत कर्ण ८५ घेऊन भुज-कोटि काढण्याचें उदाहरण आहे आणि तेथें ५१, ६८ तसेंच ४०, ७५ अशा दोन जोड्या दिल्या आहेत. आम्हीं पहिली जोडी घेतली, ताळा पाहिला (२६०१ आणि ४६२४ मिळून ७२२५, हाच पंचायशींचा वर्ग) आणि आमच्या नकलेंत ती लिहूनही टाकिली. गणित बरोबर होतें, म्हणून वाचनही बरोबर, असें आम्हीं धरून चाललों.

पुढें दुसऱ्या कामासाठीं तेंच पान सायंकाळच्या तिरप्या उन्हांत पाहत असतां त्या समासांत बोरूच्या खुणा उठून दिसल्या: वर ७ आणि ६, खालीं ८४ आणि १३. तपासून पाहतां ८४ चा वर्ग ७०५६ आणि १३ चा १६९. बेरीज पुन्हां ७२२५. लीलावतींत अशी एक रीत आहे कीं कोणत्याही दोन संख्या घ्याव्या. त्यांच्या गुणाकाराची दुप्पट ही कोटि, वर्गांचें अंतर हा भुज, आणि वर्गांची बेरीज हा कर्ण. सात साहीं बेचाळीस, त्याची दुप्पट ८४. ४९ उणे ३६ म्हणजे १३. ४९ अधिक ३६ म्हणजे ८५. आमच्या पंतोजीनें एका प्रकरणांतील कर्ण घेऊन त्यावर दुसऱ्या प्रकरणांतील रीत चालविली आणि ग्रंथांत नसलेली तिसरी जोडी स्वतः काढिली होती. अशा जोड्या एकंदर चार आहेत. चौथी ३६ व ७७. या पोथींतील सर्वांत स्वतंत्र हिशेब हाच, आणि छापील पुस्तकाच्या भरंवशावर आम्हीं तोच खोडावयास निघालों होतों.

बाबिलोनच्या मातीच्या विटांवर काम करणाऱ्यांस याच नियमाचा उलट अनुभव आला आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील प्लिम्प्टन ३२२ ही वीट सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वींची. तींत काटकोन त्रिकोणांच्या बाजूंची सारणी आहे, हें नॉयगेबाउअर आणि साक्स यांनीं १९४५ मध्यें दाखविलें. त्या सारणींत कांहीं अंक नियमास धरून नाहींत. एके ठिकाणीं ४८१ पाहिजे तेथें ५४१ आहे. षष्टिमानांत ८ च्या जागीं ९ पडल्यानें ही चूक झाली. दुसऱ्या ठिकाणीं बाजू १६१ लिहावयाची ती तिचा वर्ग २५९२१ लिहिला आहे. मूळ लेखकाची चूक इतक्या काळानंतर सांपडली ती केवळ कर्णाच्या नियमानें. तेथें नियमानें चूक दाखविली. आमच्याकडे नियमानें चूक झांकली. दोन्हींचें कारण एकच आहे: कोणता अंक अशक्य हें नियम निश्चित सांगतो, शक्य अंकांपैकीं लेखकानें कोणता लिहिला, हें तो सांगत नाहीं.

७. नियमाच्या मर्यादा

आणखी तीन ठिकाणीं सावध राहिलें पाहिजे. पहिलें, प्रमाण. तीन-चार-पांच आणि सहा-आठ-दहा हे नियमाच्या दृष्टीनें सारखेच. तिन्ही अंक गेले आणि नुसती आकृति राहिली तर मापें परत येत नाहींत. दुसरें, ज्या राशीचा उत्तराशीं संबंधच नाहीं ती. १५ आणि १० हात उंचीचे दोन वेळू उभे असून प्रत्येकाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या बुंध्यापर्यंत दोरी लाविली, तर दोऱ्या जेथें एकमेकींस छेदतात तेथील उंची ६ हात येते. वेळूंमधील अंतर पांच हात असो वा पन्नास, हे सहा बदलत नाहींत. म्हणून उंचीवरून अंतराचा पुसलेला अंक काढूं पाहणें व्यर्थ. तिसरें, करणीगत मुळें. भुज व कोटि दोन्ही सव्वातीन असतां कर्णाचें मूळ पुरें निघत नाहीं. भास्कराचार्य तेथें आसन्नमूळ घेऊन ४ पूर्णांक ४७७ छेद ८०० देतात. त्यासाठीं १३५२०००० या संख्येचें मूळ ३६७७ धरावें लागतें. त्याचा वर्ग ३२९ नें अधिक भरतो, तर ३६७६ चा वर्ग ७०२४ नें उणा पडतो. अशा जागीं एखाद्या पोथींत शेवटचा अंक निराळा दिसला तर तो चुकीचा म्हणतां येणार नाहीं. तो निराळ्या रीतीनें काढलेला असूं शकेल, आणि तसें असल्यास तोच अभ्यासाचा विषय.

गणिताच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांस आमचें सांगणें इतकेंच. भिजलेलें पान वाळल्यावर तिरप्या उजेडांत पाहावें आणि तसेंच छायाचित्र घ्यावें. शाई गेली तरी बोरूची खूण पुष्कळदां राहते. मूळ पानावर शाईनें किंवा पेन्सिलीनें कांहीं लिहूं नये. नकलेंत भरलेला प्रत्येक अंक कंसांत घालावा आणि तो हिशेबानें आला, छापील प्रतीवरून आला कीं खुणेवरून, हें बाजूस नोंदावें. आधीं डोळा, मग हिशेब, आणि छापील पुस्तक सर्वांच्या शेवटीं, हा क्रम आम्हीं उलटा केला म्हणून चुकलों. समास कापून पानें सारखीं करण्याची बांधणाऱ्यांची संवय तर सर्वस्वीं मोडली पाहिजे. या पोथीचें सर्व मोल त्या चार बोटें समासांतच होतें.

गृहस्थांस आम्हीं हे हिशेब एकेक करून दाखविले. शिडीचा आणि वाशाचा त्यांस तत्काळ पटला. लहानपणीं गांवच्या घराचें छप्पर शाकारतांना आपण वर चढत असूं, असें ते म्हणाले. ८४ आणि १३ यांजपाशीं ते बराच वेळ थांबले आणि त्यांनीं स्वतः कागदावर दोन्ही वर्ग करून बेरीज मांडली. मग पानें कोऱ्या कागदांत एकेक घालून, वर सुती फडकें बांधून, बस्ता त्यांच्या हवालीं केला. नवें घर वरच्या मजल्यावर मिळावयाचें आहे असें कळतें. पोथी पाण्यास द्यावयाची गोष्ट त्यांनीं पुन्हां काढिली नाहीं.